रुसलेली शीर

आमच्या डोंगराच्या पोटात बाईने जायचं नाही. बाई दिसली की चांदीची शीर रुसते आणि खडकात दडी मारते, हे आमच्या पोतोसी गावातलं शेंबडं पोरही तुम्हाला सांगेल. मी बावीस वर्षं खाणीच्या तोंडाशी दगडांच्या ढिगावर बसून हातोडी चालवतेय. पुरुषांनी टाकून दिलेल्या दगडांतून उरलंसुरलं खनिज मी निवडायचं, पण दगड आत असताना त्याचं तोंड बघायचं नाही. वा रे न्याय!

तर ती शीर तुटली. माझा नवरा फाउस्तिनो खडकाची धूळ छातीत घेऊन गेला, तेव्हापासून आमची आतली जागा धाकटा दीर निकानोर खणत होता. वीतभर रुंदीची शीर एका पांढऱ्या चिकणमातीच्या पट्ट्यापाशी सुरीने कापावी तशी संपली. पुढे नुसता मुका खडक. तीन महिने खनिज निघालं नाही तर जागा दुसऱ्याला द्यायची, असा आमच्या सहकारी मंडळाचा नियम. ते तीन महिने येत्या शनिवारी भरत होते आणि अध्यक्ष एवारिस्तो बघायला येणार होता. जागा गेली की मला ढिगावरूनही उठावं लागणार होतं. आणि ठपका कुणावर? माझ्यावर! मी एकदा जेवणाचा डबा द्यायला बोगद्यात दहा पावलं गेले होते ना!

सोमवारी सकाळी एक दगड फोडला तर आत त्याच पांढऱ्या मातीचा पातळ थर; तिथून तो सरळ दोन फाकांत सुटला. दोन्ही तोंडं घासलेल्या परातीसारखी चकचकीत, त्यांवर बारीक ओरखडे. माझे वडील म्हणायचे, डोंगर कधीकाळी फाटला आणि सरकला, म्हणून शीर तुटते. भिंतीवरून हात फिरव; जिकडे गुळगुळीत लागेल तिकडे शीर गेली.

मी खालच्या फाकेवरून हात फिरवला. उजवीकडे गुळगुळीत, डावीकडे खरखरीत. मग वरची फाक जागेवर ठेवून पाहिली, उचलली, चाचपली. तिचं सगळं उलटं! पुन्हा पाहिलं. उलटंच! अगं बाई, माझं काळीज धडधडायला लागलं. म्हणजे हात कुठल्या भिंतीवर ठेवला, त्यावर सगळं! प्रत्येक तोंड आपल्या समोरचा खडक कुठे गेला ते सांगत होतं. स्वतःचं नाही!

दोन्ही फाका पदरात घेऊन मी बोगद्याच्या तोंडाशी धावले आणि दगड आणणाऱ्या गाडीच्या रुळांवर ठाण मांडून बसले. निकानोर गालात कोकाच्या पानांचा गोळा धरून बाहेर आला.

"वहिनी, उठा. गाडी येतेय."

"येऊ दे. तू कुठल्या भिंतीवरून हात फिरवलास?"

"समोरच्या. खाली गुळगुळीत लागलं, म्हणून खाली खणलं. तुमच्याच वडिलांची शिकवण."

"समोरची भिंत कुणाची रे? पलीकडच्या खडकाची! ती सांगतेय की आपल्या बाजूचा खडक खाली घसरला. पलीकडचा वर गेला. शीर वर आहे, निकानोर! पावणेतीन महिने तू उलटा खणतोयस!"

मी दोन फाका त्याच्या हातात कोंबल्या. त्याने त्या एकमेकींवर घासल्या. पुन्हा घासल्या. गालातला गोळा चघळणं थांबलं.

"बाईचं ऐकून वर खणायचं? माणसं हसतील हो."

"शनिवारी हसणारच आहेत. त्यापेक्षा आत्ता हसू देत."

तो आत गेला. आत खाणीचा धनी बसलाय, शिंगवाली मातीची मूर्ती; आम्ही त्याला काका म्हणतो. त्या काकांना त्याने पानं वाहिली, दारू शिंपडली, आणि काकांनी रागावू नये म्हणून त्यांच्या तोंडात सिगारेट पेटवून दिली. तिथे अर्धा तास गेला. मी बाहेर बसून शिव्या देत होते.

चार दिवस सुरुंग उडत राहिले. प्रत्येक धडाक्याला माझ्या पायाखालची खडी हलायची आणि मला वाटायचं, हाच! शुक्रवारी दुपारी गाडी आली. पहिलाच दगड मी उचलला. काळा, जड, कडेला डाळिंबी झाक. छिन्नीने ओरखडला, तर ओरखडा लाल उमटला. तांबडी चांदी म्हणतात ते खनिज! मी अशी ओरडले की पलीकडच्या ढिगावरच्या बायका हातोड्या टाकून धावल्या.

निकानोर मागून आला तो धुळीने पांढरा आणि हसून हसून बेजार.

"वहिनी, वर जुनी पोकळी लागली! चरबीच्या मेणबत्त्यांची काजळी आहे भिंतीवर. समुद्रापलीकडच्या राजाच्या वेठबिगारीत इथे राबलेल्या आपल्या आज्यापणज्यांची. ते वरून शिरेमागे खाली आले आणि तशाच दुसऱ्या पांढऱ्या मातीच्या पट्ट्यापाशी अडले. आणि पुढे कुठे खणलं असेल सांगा?"

"वर!"

"वर! आपण खाली, ते वर. शेवटचा तुकडा मध्येच राहिला, चारशे वर्षं!"

शनिवारी एवारिस्तोने दगड हातात घेऊन पाहिला आणि जागा आमच्याकडेच ठेवली. काकांची कृपा, असं म्हणाला. मी त्याला ढिगावरूनच हात जोडले, दुसरं काय करणार!

त्यानंतर तीन आठवड्यांनी निकानोर भरदिवसा सगळ्यांसमोर ढिगाशी आला. हातात एक जास्तीचं शिरस्त्राण होतं.

"शीर पुन्हा तुटली. या वेळी भिंत वाकडी आहे, मला समजत नाही. आत चला, वहिनी."

एक म्हातारा पुटपुटला, "रुसेल ती."

मी शिरस्त्राण डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला.

"रुसू दे, आजोबा. रुसून कुठे जाते ते मला कळतं आता."