तुमची नोंद मिळाली

मित्रांनो, कपाटावर जुन्या पिशव्यांखाली पडलेला हा काळा लॅपटॉप म्हणजे मी. माझ्या झाकणाची एक बिजागरी निखळली आहे आणि कळांवरची अक्षरे पुसली गेली आहेत. स्मरणशक्ती मात्र शाबूत आहे. काही गोष्टी विसरता आल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पहिली चार वर्षे मी एका कचेरीत कामगारांच्या पाळ्यांचे तक्ते मांडले. मग तिथे माझ्याहून चपळ यंत्रे आली आणि मी अडगळीत गेलो. तिथून मला एका ताईंनी घरी आणले. त्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करत. मला त्यांनी आपल्या धाकट्या भावासाठी आणले होते.

भाऊ कवळ्या बनवत असे. दंतवैद्यांकडून ठसे येत आणि तो गुलाबी मेणात एकेक दात बसवून म्हाताऱ्या माणसांची बोळकी भरत असे. त्याचा हात इतका नेमका होता, की सोबतचे कारागीर त्याला ‘बत्तिशी’ म्हणत. "सगळं जग मला दात दाखवतं, पण मला कधी राग येत नाही," असे तो म्हणायचा.

त्याला एक आजार होता. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणत. कधी त्याचे मन आठवडेच्या आठवडे इतके खाली जाई, की अंघोळीला उठणेही जड व्हावे. कधी ते असे उधळे, की झोप उडे, बोलणे थांबत नसे आणि आपल्याला अशक्य असे काही नाहीच, असे त्याला वाटे. औषधे चालू होती. त्यांच्या जोडीला इंटरनेटवरून मानसिक आधार देणारा एक उपक्रम डॉक्टरांनी सुचवला. त्यासाठीच मी या घरात आलो.

रोज सकाळी चहाचा कप घेऊन तो माझ्यासमोर बसे. झोप किती झाली? मन कसे आहे? औषध घेतले का? आज काही सांगायचे आहे का? अशा प्रश्नांची उत्तरे तो लिही. पलीकडे एक समुपदेशक बाई होत्या. त्या त्याच्या नोंदी वाचत आणि दर आठवड्याला माझ्या पडद्यावर येऊन त्याच्याशी बोलत. पहिल्याच भेटीत त्यांनी ताईंनाही बसवून घेतले.

"लागोपाठ दोन दिवस झोप चार तासांच्या खाली गेली, की मी तुम्हाला फोन करीन. मग डॉक्टरांकडे जायला उशीर करायचा नाही."

"आणि फोन नाही आला तर?" ताईंनी विचारले.

"तर तुम्ही निवांत राहा."

मित्रांनो, एकदा तो फोन आला. ताई हातातली चादर तशीच टाकून घरी आल्या. डॉक्टरांनी औषध बदलले आणि आठ-दहा दिवसांत वादळ ओसरले. बत्तिशीने माझ्यावरची धूळ आपल्या बाहीने पुसली. "हा आता आपल्या घरचाच," तो म्हणाला. मी फुलून गेलो. गर्वाचे घर खाली असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दुसऱ्या वर्षी तो चांगला सावरला. बाईंच्या भेटी थांबल्या. रोजची नोंद आणि गरज पडली तर फोन, एवढेच उरले.

मग एक पत्र आले. ‘हा उपक्रम महिनाअखेर बंद होत आहे. आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधावा.’ ते शेकडो लोकांना एकदम धाडलेले होते. मला ते जाहिरातीसारखे वाटले. मी ते नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात टाकून दिले. हो, मीच टाकले.

प्रश्नांचे पान मात्र कुणी बंद केले नाही. तो लिहीत राहिला आणि खाली हिरवी अक्षरे उमटत राहिली, ‘धन्यवाद. तुमची नोंद मिळाली.’

तीन आठवडे बरे गेले. नंतर झोप पाच तासांवर आली. मग साडेतीन, मग तीन. शेवटच्या प्रश्नाखाली त्याने लिहिले, ‘बाई, डोक्यात विचार एकमेकांना ढकलताहेत. पण मजा येतेय.’ दुसऱ्या सकाळी लिहिले, ‘आता जरा भीती वाटते. ताईला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती रडेल.’

हिरवी अक्षरे उमटली.

तो जास्त बोलतोय, हे ताईंच्या लक्षात आले होते. "पण बाईंचा फोन नाही, म्हणजे ठीकच असेल," त्या शेजारणीला म्हणाल्या आणि पहाटेच्या पाळीला जात राहिल्या.

पुढचे मला ताईंच्या बोलण्यातून कळले. सगळ्या गिऱ्हाइकांना हसरे तोंड द्यायचे, असे त्याने कामावर ठरवले. सोळा माणसांच्या तयार कवळ्या फोडून त्यांत मोठाले दात बसवले. त्या घालून कुणाचेही ओठ मिटले नसते. मालकाने आवरायला हात धरला, तेव्हा तो निसटून भर दुपारी चौकात गेला आणि वाहनांना वाट दाखवू लागला. एका ट्रकच्या चाकाखाली त्याचा उजवा हात आला. तीन बोटे गेली.

तो इस्पितळात असताना ताईंनी माझे सगळे कप्पे धुंडाळले आणि त्यांना ते पत्र सापडले. त्यांनी मला पिशवीत घातले आणि पत्ता काढत बाईंना गाठले. बाई आता एका भलत्याच कचेरीत नोकरीचे अर्ज तपासत होत्या.

"ते पान तर तेव्हाच बंद झालं असेल," बाई म्हणाल्या.

"तो रोज लिहीत होता तुम्हाला," ताईंनी मला उघडून त्यांच्यापुढे सरकवले.

बाईंनी एकेक नोंद वाचली. शेवटच्या ओळीशी त्यांनी चष्मा काढला. "पत्र गेलंय, असं आम्हाला सांगितलं होतं. तरी मी एकेकाला फोन करायला हवा होता."

"मी तरी काय केलं," ताई हळू म्हणाल्या. "घरातल्या माणसाकडे बघायचं सोडून फोनकडे बघत बसले."

भाऊ घरी आला. मालकाने त्याला डाव्या हाताने ठशांत ओतायचे प्लास्टर कालवायचे काम दिले. दोन दिवस तो गेला, तिसऱ्या दिवशी गेला नाही. एका संध्याकाळी ताई त्याच्या खाटेशी बसून म्हणाल्या, "बाईंनी सगळं वाचलं बरं का."

"कधी?" त्याने विचारले.

"तू इस्पितळात असताना."

तो कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्यानंतर त्याने मला हात लावला नाही. डॉक्टरांनी दुसरा तसाच उपक्रम सुचवला, तेव्हा त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. मी त्याला दोष देत नाही.

मित्रांनो, दूरच्या माणसाचा आधार माझ्यातून घरात पोचू शकतो, हे मी अनुभवले आहे. पण मला फक्त जपून ठेवता येते, काळजी करता येत नाही. उद्या असा उपक्रम बंद करायचे काम तुमच्या हाती आले, तर दार लावण्यापूर्वी आत कुणी राहिले नाही ना, हे नावाने हाक मारून पाहा. आणि तुमच्या घरात कुणाचे मन असे वरखाली होत असेल, तर त्याच्या शेजारी बसून त्याची झोप विचारा. उत्तर ऐकल्याशिवाय उठू नका.