परक्या गादीवर अंथरायची चादर

मी एक जुनी सोलापुरी चादर आहे आणि मला सगळ्याची किळस येते. मित्रांनो, हसू नका. आयुष्यभर ज्या ज्या गाद्यांवर मला पडावं लागलं, त्यांतल्या एकीवर जरी तुम्ही एक दुपार काढली असती, तर तुमचंही नाक असंच कायमचं वर गेलं असतं.

माझा जन्म एका खडखडणाऱ्या मागावर झाला. एका बाजूला मरून रंगाच्या जमिनीवर हिरवे मोर आणि उलटलं की हिरव्या जमिनीवर मरून मोर, असं माझं रूप. १९७९ साली उमाताईंचं लग्न झालं. नवरा कॅनडात इंजिनिअर. त्यांच्या आईनं मला बॅगेत सगळ्यात वर ठेवलं आणि बजावलं, "बाई गं, परक्या गादीवर झोपायची वेळ आली तर आधी ही अंथर. कोण कोण लोळून गेलं असेल, सांगता येत नाही."

बस. ते वाक्य म्हणजे माझी नोकरी झाली.

हॅमिल्टनच्या घरात उमाताईंचे पती भाऊसाहेब पोलादाच्या कारखान्यात राबायचे आणि मी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीनं राहायची. सुट्टी आली की मात्र माझ्याशिवाय पान हलायचं नाही. मोटेलची खोली उघडली की उमाताई आत जाऊन उभ्या राहायच्या. बसायच्या नाहीत. आधी उशीचा वास घ्यायच्या. मग गादीचा कोपरा उचलून खाली बघायच्या. मग तिथली चादर चिमटीत धरून, मेलेला उंदीर टाकावा तशी कोपऱ्यात टाकायच्या. आणि मग मी. भाऊसाहेब तोवर बॅगा घेऊन दारातच उभे.

काय काय सोसलं म्हणून सांगू! एका गादीवर चहाच्या रंगाचा एवढा मोठा डाग होता की त्यावर नकाशासारखे देश दिसत होते. एका खोलीतल्या साबणाला केस चिकटलेले होते, कुरळे. एकदा टोबरमोरीला तर उशीखाली कुणाची तरी कापलेली नखं निघाली. उमाताई उलट्या पावली बाहेर आल्या आणि ती सुट्टी आम्ही सगळ्यांनी गाडीत काढली. उल्का, त्यांची मुलगी, तेव्हा सात वर्षांची होती. ती मला पांघरून मागच्या सीटवर रडत होती, "आय वॉन्ट अ रिअल बेड!" उमाताई मला थोपटून म्हणाल्या, "ही आहे म्हणून बरं." माझी छाती अभिमानानं फुगली. मित्रांनो, चादरीलाही छाती असते.

अशा अकरा सुट्ट्या आम्ही अर्ध्यावर मोडल्या. मला त्याचं काही वाटत नसे. जग घाण आहे आणि मी स्वच्छ आहे, एवढं मला पुरेसं होतं.

पुढे भाऊसाहेब निवृत्त झाले आणि दोघं ओकव्हिलच्या लहानशा काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, आले. प्रवास थांबले. मला सोफ्याच्या पाठीवर टाकलं गेलं. उल्काचं बाळ, दीड वर्षांची अबोली, जवळच्या केंब्रिज गावाहून आली की दुडदुडत येऊन मलाच नाक पुसायची. शेंबडाचे पापुद्रे वाळून कडक व्हायचे. तरी मला तिची किळस आली नाही. घरचं बाळ ते! एकदा हिवाळी टायर माझ्यात गुंडाळून मला गाडीच्या डिकीत चार महिने ठेवलं. परत आल्यावर मला कुणी धुतलं नाही. झटकलं, घडी घातली, पुन्हा दोन डांबरगोळ्या.

या मे महिन्यातल्या एका शनिवारी उल्का अबोलीला कडेवर आणि लॅपटॉप काखेत घेऊन आली. भाऊसाहेबांनीच बोलावलं होतं.

"बाबांना त्यांच्या त्या फ्रेंच गावाला जायचंय," ती म्हणाली. "दोघांसाठी छानसं कॉटेज शोधू. जस्ट यू टू."

ते गाव क्वेबेकमध्ये, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी. लग्नाच्या आधीचा एक हिवाळा भाऊसाहेब तिथल्या कागदाच्या गिरणीत यंत्रं बसवायला गेले होते. बेकरीच्या माडीवर राहायचे. एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटतानाचा आवाज ते दर वर्षी उमाताईंना तोंडानं काढून दाखवायचे, आणि दर वर्षी म्हणायचे, "तुला एकदा ती नदी दाखवायचीय."

उल्कानं पहिलं घर दाखवलं. पलंगाच्या डोक्यावर मूसचं, म्हणजे तिथल्या थोराड सांबराचं, पेंढा भरलेलं मुंडकं.

"त्याच्या नाकात जाळं आहे," उमाताई म्हणाल्या.

"आई, यू झूम्ड इन ऑन द नोज?"

"मग काय बघू? खाली झोपायचं कुणी? ते जाळं माझ्या तोंडात पडायचं."

दुसऱ्या घरात वॉशरूमला दार नव्हतं, नुसता पडदा. "रोमँटिक आहे गं, कपल्ससाठी," उल्का म्हणाली. उमाताईंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "सेहेचाळीस वर्षं झाली. पडद्यामागून यांचे आवाज ऐकणं यात रोमँटिक काही नाही." भाऊसाहेब खो खो हसले. तिसऱ्या घरात अंगणात गरम पाण्याचा हौद होता आणि पाण्यावर पिवळट फेस. "दहा जणांचं अंग धुतलेलं पाणी. शी!" चौथ्यात वॉशरूममध्ये गालिचा, तोही केसाळ. पाचव्यात मालकाचा कुत्रा पाहुण्यांच्या पलंगावर चारी पाय वर करून पडलेला, आणि खाली कुणीतरी कौतुकानं लिहिलं होतं की तो रोज इथेच झोपतो.

"शी! शी! शी!"

आणि सोफ्यावरून मीही म्हणत होते, शी. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

सहाव्या घराचे तीनच फोटो होते, तेही धूसर. एक पलंग. एक खिडकी, खिडकीत नदीची रेघ. आणि एका दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी.

भाऊसाहेब लॅपटॉपच्या अगदी जवळ गेले. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं बघू लागले. त्यांना समोरचं नीट दिसत नाही, मध्ये डाग आल्यासारखं होतं, असं ते अलीकडे सांगायचे.

"हे," ते म्हणाले.

"वॉशरूमचा फोटो का नाही? काहीतरी लपवलंय," उमाताई म्हणाल्या. "आणि त्या चादरी कुणाकुणाच्या..."

"उमा." ते लॅपटॉपपासून मागे सरले. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑक्टोबरनंतर गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय. नदीही किती दिवस दिसेल, देव जाणे. मला तुला माझ्या गाडीतून न्यायचंय. या वेळी नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही. रागानं नाही सांगत."

उल्का लॅपटॉपकडे बघत राहिली. अबोली माझा कोपरा चोखत होती. उमाताई उठल्या, आणि मला वाटलं, आता आपलं नेहमीचं 'नको'. पण त्या म्हणाल्या, "बुक कर. चादर मी घेतेच आहे."

जूनमध्ये निघालो. सकाळी सहाला निघून, थांबत थांबत, दुपारी चारला पोहोचलो. मी डिकीत, लोणच्याच्या बरणीच्या शेजारी. घराच्या मालकीणबाई, मादाम थेरेझ, दारात उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, हाताला पीठ. भाऊसाहेबांनी पन्नास वर्षं गंजलेलं फ्रेंच बाहेर काढलं. बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी दोघांच्या गालांना गाल लावले. उमाताईंनी नंतर हळूच गाल पुसला. मी पाहिलं.

खोलीत गेल्यावर विधी सुरू झाला. उशीचा वास घेतला. काही नाही. गादीचा कोपरा उचलला. काही नाही. पलंगाखाली वाकल्या. धुळीचा कणसुद्धा नाही. खिडकीबाहेर नदी पसरलेली होती, आणि भाऊसाहेब बॅगा घेऊन दारात उभे होते.

"झालं ना? आता ये की इकडे, नदी बघ."

"थांबा हो, आधी अंथरूण."

आणि उमाताईंनी ती पांढरी, कडक इस्त्रीची चादर चिमटीत धरली, ओढली, आणि कोपऱ्यात टाकली. मला डौलात पसरवलं. नेमक्या तेव्हा मादाम थेरेझ स्ट्रॉबेरीचा जॅम घेऊन आत आल्या.

त्या आधी कोपऱ्यातल्या बोळ्याकडे बघत राहिल्या. मग भाऊसाहेबांकडे वळून हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतायत?" उमाताईंनी विचारलं.

"विचारतायत, काय चुकलं. सकाळीच इस्त्री केली होती. त्यांच्या आईनं विणलेली लेस आहे तिला."

उमाताईंचा चेहरा पडला. बाई पलंगाजवळ आल्या, माझ्यावर वाकल्या, आणि मित्रांनो, त्यांचं नाक आक्रसलं. अगदी उमाताईंसारखं. तीच सुरकुती, तेच वर गेलेलं ओठाचं टोक. त्यांनी एक प्रश्न विचारला. भाऊसाहेब बुटांकडे बघू लागले.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"अहो, खरं सांगा."

"ही धुतलेली आहे का, असं विचारतायत."

उमाताई वाकल्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझा वास घेतला. डांबरगोळ्या. हिंग. टायरचं रबर. लोणच्याचं तेल. अबोलीचा वाळलेला शेंबूड.

"शी," त्या म्हणाल्या.

मला. मला म्हणाल्या!

आयुष्यभर हा शब्द मी दुसऱ्यांसाठी ऐकला होता. तो आपल्यावर पडला की कसा लागतो, हे मला त्या क्षणी कळलं. एखादी उसवलेली शिवण असती तर मी तिच्यात तोंड लपवलं असतं. खोलीतली सगळ्यात घाण वस्तू मी होते. मी स्वतःला कधी हुंगलंच नव्हतं.

उमाताईंनी कोपऱ्यातली पांढरी चादर उचलली. दोन्ही हातांनी, छातीशी धरून. "त्यांना सांगा, चूक झाली. माझी," त्या म्हणाल्या. मग मला ओढून त्या थेट अंगणात गेल्या आणि हातवारे करून पाणी मागितलं. मादामनी पत्र्याचा मोठा टब आणि विटेएवढा पिवळा साबण आणून दिला. पहिलं पाणी काळं निघालं. दुसरं चहासारखं. चौथ्या पाण्याला माझे मोर दिसू लागले. पिळायला मी उमाताईंना एकटीला आवरेना, तेव्हा मादामनी बाह्या सरकवून दुसरं टोक धरलं. एक इकडे पिळते, एक तिकडे. पाणी दोघींच्या पायांवर. उमाताई मराठीत म्हणत होत्या, "अहो, आवरा, पडाल!" आणि मादाम फ्रेंचमध्ये तेवढ्याच जोरात काहीतरी सांगत होत्या. भाऊसाहेबांनी भाषांतर केलं नाही. ते खुर्चीत बसून हसत होते.

मला दोरीवर घातलं. शेजारी मादामच्या पांढऱ्या चादरी, नदीवरून येणारा वारा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथूनच मला खिडकीत दिसलं. लेसच्या चादरीवर उमाताई पाय पसरून, चपला काढून आडव्या पडल्या होत्या. शेजारी भाऊसाहेब बोट दाखवून सांगत होते, "तो वळणाचा भाग दिसतो ना, बर्फ पहिल्यांदा तिथे फुटायचा." आणि तोंडानं आवाज काढत होते. उमाताईंनी हात त्यांच्या हातावर ठेवला होता. त्या दोघांच्या आणि जगाच्या मध्ये आता मी नव्हते. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण वाऱ्यानं ते फार वेळ टिकू दिलं नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं कुणी असेल तर त्याला नुसतं जपून ठेवू नका. धुवा, उन्हात टाका, वारा लागू द्या. आणि परक्याच्या घरी नाक मुरडायच्या आधी आपल्या बॅगेतल्या चादरीला एकदा हुंगून बघा.

निघायच्या दिवशी उमाताईंनी मला दोरीवरून काढलं, घडी घातली आणि भाऊसाहेबांच्या नाकापुढे धरलं.

"बघा बरं, कसला वास येतो."

त्यांनी डोळे मिटून वास घेतला. "कसलाच नाही."

"तेच तर," त्या म्हणाल्या. भाऊसाहेबांनी डिकी उघडली होती, पण उमाताई मला घेऊन पुढे बसल्या. ओकव्हिलपर्यंत मी त्यांच्या मांडीवर होते, आणि गाडी भाऊसाहेबच चालवत होते.