पालथा पाव

"तिचं ताट बघत जा. बाकी काही करू नका. रडली तर रडू दे, पण ताट बघत जा."

सप्टेंबरात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी राहून त्या बाईने हे सांगितलं होतं. थामोराकडच्या एका खेड्यातून ती बसने सालामांकाला आली होती. हातात घरच्या कोंबड्यांच्या अंड्यांची टोपली, अंगात लग्नाकार्याला घालायचा कोट. नेरेआ तिची एकुलती लेक, घराण्यात विद्यापीठाची पायरी चढणारी पहिलीच. पोर बोलताना अडखळते आणि मन दुखावलं की जेवण सोडते, एवढंच तिचं म्हणणं होतं.

स्वयंपाकीण कासिल्दाने दोघींना आत बसवून कॉफी दिली. नेरेआच्या हातातला पावाचा तुकडा टेबलावर कलंडून पालथा पडला, तेव्हा एका शब्दाशी झटापट चालू असतानाही पोरीने हात पुढे करून तो आधी सरळ केला. कासिल्दाला ते फार आवडलं. तिच्या आईच्या घरीही पालथा पाव म्हणजे देवाचं तोंड मातीत घातल्यासारखं मानत. पाठीत धपाटा बसायचा. तिने अंडी ठेवून घेतली, गळ्यातल्या क्रुसाला बोट लावलं आणि म्हणाली, "शब्द दिला."

एकतीस वर्षं ती त्या वसतिगृहात रांधत होती. स्वयंपाकघर आणि भोजनगृह यांच्यामध्ये एक रुंद खिडकी होती. भरली ताटं तिथून बाहेर जात, खरकटी आत येत. प्रत्येकाच्या ट्रेला क्रमांक असे. पोरांचे चेहरे कासिल्दाला फारसे ठाऊक नसत, पण ताटं सगळी पाठ. कुणाचं प्रेम मोडलंय, कुणाची परीक्षा बिघडलीय, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे तिला संचालकांच्या आधी कळे. एकोणपन्नास क्रमांकाचं, नेरेआचं ताट रोज दुपारी लख्ख पुसून येई. दर रविवारी आईचा फोन आला की कासिल्दा मोठ्या समाधानाने सांगे, "चाटूनपुसून जेवते हो तुमची लेक. ताट धुवायचं काम पडत नाही मला."

ऑक्टोबरातल्या त्या बुधवारी मसुराचं कालवण होतं. खिडकीतून एकोणपन्नासचा ट्रे आला. ताट लख्ख. कडेला पावाचा एक तुकडा, पालथा.

सवयीने तिने तो सरळ केला, आणि तिचा हात तिथेच थांबला. सोबतची रेमेदिओस म्हणाली, ट्रे पुढे ढकल की, मागे रांग लागलीय. कासिल्दाने तो ढकलला नाही. हे ताट त्या पोरीचं नव्हतं. आज नव्हतं, म्हणजे काल तरी कशावरून होतं?

जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरातल्या बायकांनी भोजनगृहात पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. एकतीस वर्षांत तिने तो मोडला नव्हता. पाणी उकळत होतं तसंच सोडून तिने बाजूचं दार ढकललं.

नवख्यांना जुन्यांनी छळायचं, ही तिथली रीत. नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या सणापर्यंत नवख्यांनी कपडे उलटे घालायचे, जुन्यांना विचारल्याशिवाय बसायचं नाही, मीठ हवं तर गुडघे टेकून मागायचं. हे तिच्या कानावर होतं. सगळ्यांच्याच कानावर होतं. पण आता डोळ्यांसमोर होतं ते असं, की नेरेआ भिंतीकडे तोंड करून उभी, दोन्ही हात पुढे धरलेले, त्यांवर जाडजूड पुस्तकांची चळत, आणि ती जुन्यांची नावं घोकतेय. सव्वीस नावं. एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. सव्वीस पुरी झाल्याशिवाय जेवण नाही. अडखळणाऱ्या पोरीला ही शिक्षा कुणीतरी विचार करून निवडली होती. विचार करून. तिचा स्वेटर खांद्यांवर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

आणि तिच्या जागेवर तेल्मो बसला होता. कायद्याच्या शेवटच्या वर्षाचा, नोटरीचा मुलगा. ताट परत पाठवून आता गोडाकडे वळला होता. अंड्याचं कस्टर्ड, जे कासिल्दा एकोणपन्नासला मुद्दाम थोडं जास्त घाली.

तिला वाटलं होतं आपण ओरडू. तिचा आवाज उलट खाली गेला.

"महिनाभर मी तुला दोनदा वाढतेय. सांगायचंस तरी."

टेबलावर हशा पिकला. तेल्मोने चमचा चाटला आणि अदबीने म्हणाला, "सेन्योरा, तुमची हद्द खिडकीच्या पलीकडे. इकडे आमची."

कासिल्दाने त्याच्या पुढ्यातलं कस्टर्ड उचललं. नेरेआच्या हातांवरची पुस्तकं एकेक करून खाली ठेवली. वाटी पुढे धरून ती म्हणाली, खा पोरी. नेरेआने मान हलवली.

"न-नको, सेन्योरा. गंमत आहे. मी हो म्हट-म्हटलंय."

"ऐकलंत?" तेल्मो म्हणाला. आता त्याच्या आवाजातली अदब गेली होती. "आम्ही सगळे यातूनच गेलोय. मला पहिल्या वर्षी फरशीवरचं खायला लावलं होतं. मेलो का?"

कासिल्दाला ते ताट आठवलं. तीन वर्षांपूर्वीचं, बारा क्रमांकाचं, याचंच. भातात माती आणि केस. ते कुठून आले हे तिला कळलं होतं. तिने ते ताट नळाखाली धरलं होतं आणि पुढचं धुवायला घेतलं होतं. त्या दिवशी हे दार तिने ढकललं असतं, तर आज हा पोरगा इथे कस्टर्ड खात बसला नसता. संताप पायापासून चढत होता, आणि त्यातला अर्धा तिच्या स्वतःवर होता. तो जास्त जाळत होता.

संचालक एवारिस्तो यांनी तासाभरात बोलावणं पाठवलं. त्यांनी तिला खुर्ची दिली. एकतीस वर्षांच्या सेवेचं कौतुक केलं. निवृत्तीला दोनच वर्षं उरली आहेत याची आठवण काढली. पोरं आहेत, म्हणाले, चार दिवस मस्ती करतात, मग जन्माचे मित्र होतात. मोठमोठे न्यायाधीश याच भोजनगृहातून गेलेत. मग त्यांनी एक टाइप केलेला कागद सहीसाठी पेनासह पुढे सरकवला. झाला तो खेळ होता, संबंधित विद्यार्थिनी स्वखुशीने सहभागी होती, मी गैर काही पाहिलं नाही.

कासिल्दाने खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कागद शेवटपर्यंत वाचला. मग पेनाला टोपण लावून ते त्यांच्याकडे परत सरकवलं.

"मी पाहिलं," ती म्हणाली.

"सेन्योरा कासिल्दा, नीट विचार करा."

"तोच करायचा राहिला होता."

मी कळवेपर्यंत उद्यापासून घरीच थांबा, असं ते म्हणाले. तिने उठता उठता विचारलं, उद्या एकोणपन्नासला कोण जेवू घालणार? ते म्हणाले, ते तुमचं काम नाही. यावर तिला उत्तर सुचलं होतं, पण भिंतीवर क्रूस होता. तिने ते गिळलं.

मागच्या दारात नेरेआ उभी होती. आईला सांगू नका म्हणून विनवत होती. आई घरी नेईल, आणि तिला औषधशास्त्र शिकायचंय. एकदा गावी परत गेलेल्या मुली पुन्हा येत नाहीत. हे सांगायला तिला फार वेळ लागला. कासिल्दाने एकही शब्द तिच्या तोंडून काढून घेतला नाही. सगळं संपल्यावर म्हणाली, "तुझ्या आईशी मी महिनाभर खोटं बोललेय. ते मला फेडलं पाहिजे. तुला नेऊ नका, हे मात्र सांगते."

रविवार नव्हता, तरी तिने फोन लावला. ताट पोरीचं नव्हतं, मला कळलं नाही, असं सरळ सांगितलं. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तिला राहायचंय?" आईने विचारलं.

"हो."

"मग ताट बघत जा," आई म्हणाली आणि फोन ठेवला. क्षमा केली की नाही, ते त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कासिल्दा सकाळची प्रार्थना करून आली आणि घरच्या लहान चुलीवर मसूर चढवले. ते शिजेपर्यंत टेबलाशी बसून तिने रेघी कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं, काय पाहिलं, कुणाला पाहिलं, कुठल्या तारखेला. बारा क्रमांकाच्या ताटाचंही लिहिलं, आणि ते आपण धुतलं होतं हेही. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या असतील. खाली पूर्ण नाव घातलं.

विद्यापीठाच्या कचेरीतली तक्रारींची खिडकी दोनला बंद होई. नेरेआचा तास सव्वादोनला सुटे. एवढ्या वेळात दोन्ही होण्यासारखं होतं.

तिने कालवणाचं भांडं टॉवेलात गुंडाळलं. दोन चमचे घेतले. कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातला. पाव झाकणावर ठेवला, वरची बाजू वर आहे ना ते पाहून टॉवेलाची टोकं बांधली, आणि रस्सा हिंदकळू नये म्हणून एकेक पायरी जपत ती जिना उतरू लागली.