मागून हाक

मेघनाने स्कूटी उजनी धरणाच्या काठी, पळसदेवला आणून उभी केली तेव्हा तिचं डोकं तापलं होतं. बारामतीत तिची छोटी खानावळ. आज संध्याकाळी बुद्धघोषसरांच्या मुलीच्या वाढदिवसाचं जेवण तिच्याकडे, खानावळीची पहिलीच मोठी ऑर्डर. सरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, उजनीची ताजी चिलापी मासळीच पाहिजे. आणि नेमकी चिलापीच सकाळपासून ठरत नव्हती.

ठरवायचं काम तिने फोनमधल्या एजंटावर सोपवलं होतं. हल्ली सगळ्यांचेच असे एजंट. हॉटेलवाल्याचा मासेवाल्याच्या एजंटाशी बोलतो, मासेवाल्याचा टेम्पोवाल्याच्या एजंटाशी, आणि माणसं नुसती स्क्रीनकडे बघत बसतात. मेघनाचा सकाळपासून एकच निरोप देत होता, 'बोलणी सुरू आहेत.' कसली बोलणी, डोंबलाची!

धक्क्यावर मासेवाले श्रीपतीतात्या टेम्पोला टेकून उभे होते.

"तात्या, मासळी द्यायची नाही का मला?"

"आगं, द्यायची न्हाय म्हंजी? सकाळधरनं तुझीच वाट बघतोय. हितंच हाय की टेम्पोत भरून. तुझाच एजंट सारखा उठून जातोय."

"जाणारच. मीच शिकवलंय त्याला. भाव ऐकला की चालू लागायचं, मागून हाक आल्याशिवाय वळायचं नाही. आई बाजारात असंच करायची."

तात्यांचा चेहरा पडला. "आन् मी माझ्याला सांगितलंय, गिऱ्हाईक उठलं तर हाक मारायची न्हाय. गरज आसंल तर येतंय परत."

म्हणजे सकाळपासून एक जण पाठ फिरवून उभा आणि दुसरा तोंड शिवून बसलेला! मेघनाला हसावं की रडावं कळेना. तिने जागेवर भाव विचारला, तात्यांनी सांगितला, तिने थोडा ओढला, तात्यांनी मान हलवली. झालं.

"सौरभ, उघड रं टेम्पो."

ड्रायव्हर सौरभने हात वर केले. "माझ्या हातात काय न्हाय, तात्या. आमच्या एजंटानं सांगितल्याबिगर कुलूप उघडत न्हाय."

तात्या घाईघाईने फोनवर बोटं मारू लागले आणि मध्येच थांबले. माल विकला गेला होता. दुपारपर्यंत गिऱ्हाईक ठरलं नाही तर मिळेल त्याला देऊन टाक, असंही त्यांनीच एजंटाला सांगून ठेवलं होतं. पुण्याच्या कुणा व्यापाऱ्याच्या एजंटाने तो नुकताच उचलला होता.

"दुसरी द्या मग!"

"कुठली देऊ? आता होड्या उद्या सकाळी येणार."

एवढ्यात मेघनाचा फोन वाजला. 'अभिनंदन! पुण्याच्या व्यापाऱ्याच्या एजंटाने स्वतःहून हाक मारली. पळसदेवची ताजी चिलापी आपल्यासाठी घेतली आहे. पुण्याच्या गोदामातून उद्या दुपारी बारामतीत पोहोचेल.'

तिने पुन्हा वाचलं. हीच चिलापी. समोर हातभर अंतरावर, टेम्पोत बर्फाचं पाणी गाळत पडलेली. संताप तिच्या डोळ्यांतून वाहू लागला. तिने 'रद्द' दाबलं, पण पक्का झालेला सौदा रद्दच होईना.

सौरभच्या फोनवर रस्ता आला. त्याने ओशाळून तिच्याकडे पाहिलं आणि टेम्पो सुरू केला.

"ओ दादा! थांबा! अहो, या इकडं!" मेघना धुरळ्यातून मागे धावत होती. जन्मात कधी तिने कुणाला मागून हाक मारली नव्हती.

टेम्पो हायवेला लागला आणि पुण्याच्या बाजूला वळला.