सारजाचं लुगडं

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझ्या बायकोला, सारजाला, बारामतीला दवाखान्यात ठेवलं आणि काटेवाडीतल्या आमच्या घरापुढं बांबू आडवे बांधले. मलाही तोच आजार, पण हलका, म्हणून मी घरात कोंडलेला. सोबतीला दारची म्हैस. तिचं रेडकू मेलेलं, तेव्हापासून ती फक्त सारजाच्या हाताला पान्हवायची. मी जवळ गेलो की लाथ. माझा जन्म ग्रंथालयात गेला. मला कुणी घाबरत नाही, म्हैस तर नाहीच.

फोनवर सारजाला धाप लागत होती.

“काढली का म्हस?”

“बघतो.”

“काय बघताय? कास दगडावानी व्हईल तिची. उद्या काढली न्हाय, तर हे तोंडावरचं फेकून येती मी घरी.”

ती आलीच असती. ऑक्सिजनशिवाय वाटेतच... पुढचा विचार मी केला नाही.

सकाळी दोरीवरचं तिचं न धुतलेलं लुगडं घेतलं. धारा काढणारीच्या लुगड्याच्या वासाला म्हैस फसते, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. करत कुणी नाही, लोक हसतात म्हणून. मीही आधी कडी लावून नेसलो. निऱ्या जमेनात. सोडलं, पुन्हा नेसलो. शेवटी डोक्यावर पदर घेऊन गोठ्यात गेलो.

बांबूपलीकडून शेजारचा कुंडलिक ओरडला, “अगं बया! काकू कवा आल्या? आन् मिशा कवा फुटल्या?”

गल्ली हसली. कुंडलिकनं मोबाइल वर धरला.

माझे कान तापले. एरवी मी आत पळालो असतो. पण म्हशीनं पदर हुंगला आणि गप उभी राहिली. मग मी का पळावं?

“काढ व्हिडिओ!” मी ओरडलो. आवाज माझाच होता का, अशी शंका आली. “हात हलवू नको. आणि आधी काकूला पाठव.”

आमच्या घरचं दूध डेअरी घेणार नव्हती. तरी चरवी भरून काढलं आणि सगळ्यांदेखत उकिरड्यावर ओतलं.

थोड्या वेळानं फोन वाजला. आधी नुसतं हसू, मग खोकला, मग पुन्हा हसू.

“अवं, निऱ्या कुटं खोचल्यात! म्हस हसली न्हाय व्हय?”

“तू येऊ नकोस.”

“न्हाय येत. तुमी हायसा की. पर ते लुगडं धुऊ नगा, वास जाईल.”

संध्याकाळी बांबूपाशी सकाळपेक्षा जास्त माणसं उभी होती. गोठ्याकडं जायला मागचं दारही होतं. मी पदर सारखा केला आणि पुढच्या दारानं बाहेर पडलो.