बाकावरची पाटी

डॉक्टर रघुवीररावांच्या आठवणीत लंडनजवळच्या पिनरच्या पार्कात बाक बसवायचा हे एकदाचं ठरलं, आणि पाटीवर काय लिहायचं यावरून घरात रणकंदन सुरू झालं. राजीवनं वडिलांच्या सगळ्या डिग्र्या ओळीनं टाइप केल्या: एम.बी.बी.एस., एम.एस., एफ.आर.सी.एस. मराठी डॉक्टरचा मुलगा तो, पाटी म्हटली की डिग्र्या आल्याच!

"अरे, बाकावर पेशंट तपासायचेत का त्यांना?" इरावतीबाई म्हणाल्या.

"आई, बाबांचा मान नको का राखायला? कौन्सिलला आजच मेल करायचंय."

मान हवा होता हो, कुणाला नको? पण तळ्याकाठची ती जागा त्यांची आणि नवऱ्याची होती. तिथं दवाखान्याची पाटी लागणार म्हणून बाईंचा जीव नुसता खालीवर होत होता. आणि कारण सांगायचं तर तोंड उघडेना.

राजीवची तनया टोस्ट खात परीक्षेचा धर्माचा धडा वाचत होती. "आजी, जुने इस्राएली लोक ना, जागेला खूपदा तिथे काय झालं त्याचं नाव द्यायचे. म्हणजे देव तिथे कसा भेटला ते. ही हागार बघ. मालकीण छळते म्हणून ती पळाली, वाळवंटात. तिथे झऱ्याजवळ देवाच्या दूतानं तिला शोधलं. शी वॉज लाइक, कोणीतरी मला बघतो! मग तिथल्या विहिरीचं नावच पडलं, मला पाहणाऱ्या जिवंत देवाची विहीर."

"केवढं लांबलचक गं!"

"पण मग कोणी विसरत नाही ना."

इरावतीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "राजीव, लिही. इथे त्यांनी मला शोधून काढलं."

"कुणी?"

"ह्यांनी. इथं आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात. ह्यांना नोकरी मिळेना, घरात रोज खडाजंगी. एक दिवस मी बॅग उचलली आणि निघाले सांगलीला परत. कसली सांगली! बस चुकली, तळ्याकाठी तेव्हा जुना बाक होता, त्यावर रडत बसले. हे धावत आले, स्वेटर उलटा घातलेला. शेजारी बसून राहिले. मग दोघं घरी आलो."

राजीवला हसू आवरेना. "तू पळून गेली होतीस? आणि मला कधी बोलली नाहीस!"

"तुला काय बोलणार, बाळा? तू पोटात होतास."

राजीवचं हसू विरलं. त्यानं सगळ्या डिग्र्या पुसल्या आणि आईचं वाक्य टाइप केलं.

"आई, 'मला' नको," तो म्हणाला. "'आम्हाला' लिहितो."