पेटीतली चौथी तारीख

दोन दहा. (कोपऱ्यातल्या उंच घड्याळात. ते पुढे पळतं.)

पुसल्या. पाचही तारखा. स्पिरिटचा बोळा, दोन फेरे, आणि पेटीच्या आतलं लाकूड लख्ख.

आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मळ निघाला की मला बरंच वाटतं. हात कुठे फिरला ते नंतर कळलं.

दोनला पाच कमी. (टेबलावरचं. ते रेंगाळतं.)

घड्याळ बाबांचं. भिंतीवरचं, लंबकाचं, लाकडी पेटीतलं. बाबा काही घड्याळजी नव्हते. पण घरात बिनसलं की ते तोंड मिटून घड्याळ खाली उतरवायचे, वर्तमानपत्र पसरायचे, चाकं पुसायचे, तेलाचा थेंब द्यायचे. शेवटी आत पेन्सिलीने तारीख. शब्द एकही नाही.

पहिली तारीख त्यांची नोकरी गेली त्या दिवसाची. दुसरी आईच्या ऑपरेशनची. तिसरी मी कॉलेज सोडून घड्याळाच्या दुकानात बसलो तेव्हाची. चौथी ताई त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली त्या दिवसाची. पाचवी आई गेली तेव्हाची.

ताईचं नाव त्यांनी पुढे दोन वर्षं काढलं नाही. तिला वाटायचं, त्यांना काहीच वाटलं नाही. बाबा गेल्यावर घड्याळ उतरवायला तीच स्टुलावर चढली, दार उघडलं, आणि बराच वेळ खाली आली नाही. मग म्हणाली, "हे नीट करून मला दे."

मी अकरा महिने लावले. सोडवत नव्हतं. काडीला टोक काढून एकेका छिद्रातलं काळं तेल खरवडायचं, काडी पांढरी निघेपर्यंत. गंजलेला स्क्रू दोन दिवस तेलात ठेवायचा आणि तिसऱ्या दिवशी तो गुपचूप फिरला की खोलीत एकट्यानेच हसायचं. काल सगळं झालं होतं. चालत होतं. गप्प बसवलं नाही, म्हणून आज म्हटलं पेटीवरही हात मारू.

ताई चारला येणार आहे.

अडीच, किंवा पावणेतीन.

पेटीचा फोटो आहे, तारखांसकट. पेन्सिल आहे. तुटलेला पाय, उडालेला आकडा मी असा बसवतो की मालकालाही जोड सापडत नाही. मग हे काय अवघड?

पहिली लिहिली. बाबांचा सात, पोटात आडवी रेघ. जमला. दुसरी लिहिली. बेमालूम. तिसरी माझी. तीही लिहिली, त्यांच्यासारखीच किंचित खाली उतरत जाणारी.

चौथीला हात थांबला. उठलो. पाणी प्यालो. बसलो. परत उठलो.

दार वाजलं.

तीन वीस. (ताईच्या मनगटावर. तेवढंच बरोबर असावं.)

"लवकर आलीस."

"अकरा महिने झाले, म्हणे लवकर! काय रे, तुझ्या एकाही घड्याळाचं दुसऱ्याशी पटत नाही?"

"ताई, बस जरा."

"बसायला नाही आले. कुठंय?"

तिने चष्मा लावला. पेटीत डोकावली. मी तिच्या मानेकडे बघत राहिलो.

"तीनच?"

"त्या मी लिहिल्यात. आत्ता. सगळ्या पुसल्या गेल्या माझ्या हातून."

ती वळली नाही.

"माझी पण?"

"तुझी पण."

"आणि लिहिणार होतास तू. बाबांच्या अक्षरात. मला देणार होतास."

"हो."

"टॉर्च आण."

"ताई, काही उरलेलं नाहीये, मी..."

"आण म्हटलं ना!"

टॉर्च तिने सरळ रोखला. नुसतं लाकूड. मग तो माझ्या हातात कोंबला. "तूच बघ. तुझा धंदा आहे ना हा?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. प्रकाश आडवा टाकायचा असतो. ओरखडा, पोचा असाच तर शोधतो मी रोज. टॉर्च लाकडाला चिकटवून धरला आणि तिसऱ्या ओळीखाली सावलीची एक बारीक रेघ उठली. मग दुसरी. एक आकडा. पूर्ण तारीख. शिसं गेलं होतं, पण खाच तशीच होती.

ताईने बोट फिरवलं. परत फिरवलं.

"किती दाबून लिहिलंय रे," ती म्हणाली.

पाचवीही दिसली. फिकट, थकलेल्या हाताची.

ताई डोळे पुसत होती, हसत होती, पेटी चादरीत गुंडाळायला बघत होती. मी म्हटलं, थांब, एक मिनिट, आणि टॉर्च वर सरकवला. तिसऱ्या ओळीवर. डावीकडून. उजवीकडून. खाच होती, खोल, स्पष्ट. माझ्या पेन्सिलीची.

"काय शोधतोयस?"

माझ्या वेळी त्यांनी किती दाबलं होतं, ते.

"काही नाही," म्हटलं. "लंबक वेगळा गुंडाळ."